आठवा दिवस आणि तीन सतरंज्या

साहित्याचा आढावा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त वेळा येतो. बहुतेकांच्या वहीत एकच प्रकार दिसतो. लेखकाचं नाव, साल, आणि पुढे "यांनी असे प्रतिपादन केले आहे की" असं एक वाक्य. त्याखाली दुसरा लेखक. असे चाळीस झाले की दुसरं प्रकरण तयार! हसू नका, मी एम.एड.च्या लघुप्रबंधात अगदी हेच केलं होतं आणि मला गुणही चांगले मिळाले होते.

आज आपण एकच लेख घेऊन बसू आणि त्याची नीट चिकित्सा करू. लेख आहे रे रिस्ट यांचा, १९७० साली 'हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू'मध्ये आलेला. मुलांचा सामाजिक वर्ग आणि शिक्षकाच्या अपेक्षा हा त्याचा विषय, आणि बहुतेक घटना एका बालवर्गात घडतात. शिक्षणाच्या समाजशास्त्रात हा लेख इतक्या वेळा उद्धृत होतो की न वाचताच त्याचा निष्कर्ष पाठ असणारे लोक भरपूर आहेत. मीही त्यातलीच. कोर्सवर्कच्या दुसऱ्या महिन्यात तो पहिल्यांदा पूर्ण वाचला आणि मधेच थांबले. कारण त्यातल्या बाई जे करत होत्या, ते मी केलेलं होतं.

म्हणून आधी माझ्या वर्गाबद्दल सांगते.

३४ मुलं आणि एक छात्राध्यापिका

बालशिक्षण पदविकेच्या वर्षी माझा सराव धुळे जिल्ह्यातल्या एका बालवाडीच्या मोठ्या गटात होता. चार आठवडे. पटावर ३४ मुलं, वय साधारण पाच. मूळ बाई पहिले दोन दिवस वर्गात थांबल्या, मग शेजारच्या छोट्या गटात गेल्या. त्यांच्या वर्गात मुलं वाटेल तिथे बसायची आणि त्यांचं छान चालायचं. माझं चालेना.

तुम्ही सराव पाठ घेतले असतील तर हे दिवस तुम्हाला माहीत आहेत. पाठ टाचण तीन पानी, सुंदर अक्षरात. साहित्य रात्री जागून कापलेलं. आणि वर्गात पाचव्या मिनिटाला एकाला शू आली, दोघांना पाणी हवं, एकीने डबा उघडला, एक जण दाराबाहेर. मी एकाला आणायला गेले की चार उठायची. तिसऱ्या दिवशी माझा आवाज बसला. पाचव्या दिवशी मी मधल्या सुट्टीत स्टोअररूममध्ये जाऊन रडले. मावशींनी बघितलं, पण काही बोलल्या नाहीत. चहा आणून दिला.

पुढच्या सोमवारी मार्गदर्शक पाठ बघायला येणार होते. निरीक्षण तक्त्यात "वर्गनियंत्रण" असा एक रकाना असतो, १० गुणांचा. म्हणून शनिवारी मी तीन सतरंज्या टाकल्या आणि मुलांना जागा ठरवून दिल्या. पुढची सतरंजी माझ्यासमोर, फळ्याजवळ. मधली तिच्या मागे. तिसरी भिंतीला लागून, खिडकीखाली. पुढे "ऐकणारी" मुलं, मागे "अजून न रुळलेली". सोमवारी पाठ मस्त झाला. शेरा अजून माझ्याकडे आहे: "वर्ग शांत. बैठक व्यवस्था चांगली." १० पैकी ८.

पुढचे तीन आठवडे सतरंज्या तशाच राहिल्या. कोण कुठे बसावं याचा मी पुन्हा विचारही केला नाही.

रिस्ट यांनी काय बघितलं

आता लेखाकडे येऊ. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातली शाळा (शहर सेंट लुईस, हे त्यांच्या नंतरच्या पुस्तकामुळे माहीत आहे). शाळेतली सगळी मुलं कृष्णवर्णीय आणि शिक्षिकाही कृष्णवर्णीय. रिस्ट यांनी बालवर्गातल्या ३० मुलांपासून सुरुवात केली आणि दुसरीच्या अर्ध्यापर्यंत त्यांचा माग ठेवला.

शाळा सुरू होऊन आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. पहिलं टेबल त्यांच्या सगळ्यात जवळ. तिथली मुलं त्यांच्या मते शिकण्यात चलाख, बाकीच्या दोन टेबलांवरची मागे पडणारी. इथपर्यंत तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष हे की रिस्ट यांनी आठव्या दिवसाच्या आधीचे सात दिवसही बघितले होते. तोवर बाईंच्या हातात माहिती काय होती? नावनोंदणीचा अर्ज, सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची समाजसेविकेने दिलेली यादी, आयांशी झालेलं बोलणं, आणि थोरल्या भावंडांबद्दल शिक्षकांमध्ये चालणारी चर्चा. मूल किती शिकू शकेल हे थेट सांगणारं त्यात काहीच नव्हतं. पहिल्या टेबलावरची मुलं स्वच्छ कपड्यांतली, प्रमाण इंग्रजीच्या जवळचं बोलणारी, मोठ्यांशी सहज बोलणारी होती. मागच्या टेबलांवरच्या मुलांचे कपडे जुने, घरची बोली वेगळी आणि घरी हलाखी.

पुढे वर्षभर बाईंचं शिकवणं, प्रश्न, कौतुक, वर्गातली मानाची कामं, सगळं पहिल्या टेबलाकडे वाहत राहिलं. मागच्या टेबलांना मुख्यतः शिस्तीची वाक्यं मिळाली. पहिल्या टेबलावरची मुलं मागच्यांना हिणवायला लागली. पहिलीत नव्या बाईंनी पुन्हा तीन टेबलं केली आणि मागच्या टेबलांवरचं एकही मूल सगळ्यात वरच्या टेबलावर गेलं नाही. दुसरीतही वरच्या गटाचं दार बंदच राहिलं.

अजून एक निरीक्षण लोक सहसा उद्धृत करत नाहीत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मागच्या टेबलांवरची मुलं शिकत होती. पहिल्या टेबलाला शिकवलेलं ती ऐकून उचलत होती आणि वर्गाबाहेर ते बोलून दाखवत होती. बाईंना ते दिसत नव्हतं, कारण त्या तिकडे विचारतच नव्हत्या.

लेखाची ताकद

चिकित्सा म्हणजे चुका काढणं असा एक समज आहे. तसं करू नका. आधी लेखाचं बळ कुठे आहे ते सांगा, नाहीतर दोष दाखवण्याला वजन येत नाही.

रिस्ट यांचं बळ वेळेत आहे. ते पहिल्या दिवसापासून वर्गात होते. गट पडल्यानंतर वर्गात गेलेला संशोधक एवढंच म्हणू शकतो की पुढची मुलं पुढे आहेत. गट पडण्याआधी गेलेला विचारू शकतो की गट कशावरून पडले. तुमच्या क्षेत्रकार्याचं वेळापत्रक आखताना हे लक्षात ठेवा. परवानगीचं पत्र ऑगस्टमध्ये मिळालं म्हणून ऑगस्टमध्ये जाणं वेगळं आणि शाळा उघडताना हजर असणं वेगळं.

दुसरं, त्यांनी शिक्षिकेला खलनायिका केलं नाही. त्या बाई मुलांच्याच समाजातल्या, मेहनती, अनुभवी. "वाईट शिक्षकामुळे असं होतं" ही पळवाट त्यामुळे बंद होते. ज्यांना मुलांबद्दल आस्था आहे त्यांच्याही हातून हे घडतं, हा लेखातला खरा बोचरा भाग आहे.

आता दुबळ्या जागा

मी एक साधी पद्धत वापरते. कागदाचे तीन रकाने. पहिल्यात लेखाचा दावा, दुसऱ्यात त्याला दिलेला पुरावा, तिसऱ्यात दोघांमधली फट. या लेखाचा तिसरा रकाना भरू.

पहिली फट शीर्षकातच आहे. रिस्ट या सगळ्याला "स्वतःला खरं करून दाखवणारं भाकीत" म्हणतात. ही कल्पना रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली मांडली. सुरुवातीला चुकीची असलेली समजूत, त्या समजुतीमुळे बदललेलं वागणं, आणि त्या वागण्यामुळे समजूत खरी ठरणं. तीन पायऱ्या. मधली पायरी रिस्ट उत्तम दाखवतात. पण पहिली? बाईंचे निकष चुकीचे होते हे दिसतं. त्यांचा अंदाज चुकीचा होता हे मात्र दिसत नाही, कारण आठव्या दिवशी कुठल्या मुलाला काय येत होतं याचं मोजमापच नाही. ज्या घरात पुस्तकं आणि वेळ दोन्ही आहे, तिथलं मूल बालवर्गात येताना दोन पावलं पुढे असू शकतं. निकष वाईट आणि अंदाज अंशतः बरोबर, असं एकाच वेळी होऊ शकतं. हा पर्याय लेखातल्या पुराव्याने निकालात निघत नाही.

दुसरी फट सातत्याची. बालवर्गात आणि दुसरीत ते आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास बसले. पहिलीच्या वर्षी मात्र फक्त चार अनौपचारिक भेटी. म्हणजे तीन वर्षांची जी साखळी आपण सांगतो, तिची मधली कडी सगळ्यात पातळ आहे. उद्धृत करणारे हे लिहीत नाहीत.

तिसरी फट गळतीची. बालवर्गातल्या ३० पैकी १८ मुलं पहिलीत त्या एका वर्गात आली. बाकीची दुसरीकडे गेली. ज्यांच्यावरून निष्कर्ष निघाला ती सोबत राहिलेली मुलं. दुसऱ्या वर्गात गेलेल्या मुलांचं काय झालं असेल? एखाद्याची जागा तिथे बदललीही असेल.

चौथी फट, निरीक्षक एकच आणि नोंदी हाताने लिहिलेल्या. त्या काळात ते स्वाभाविक होतं. पण काय टिपायचं आणि काय सोडायचं हे एकाच माणसाच्या नजरेवर ठरलं, हे वाचताना विसरायचं नाही.

आणि एक प्रश्न जो मी अजून मिटवू शकलेले नाही. रिस्ट महिनोन् महिने त्या वर्गात बसले. एखादं मूल हात वर करून थकतंय आणि कुणी बघत नाहीये, हे त्यांना दिसत होतं. निरीक्षकाने हस्तक्षेप केला तर अभ्यास बिघडतो. नाही केला तर ते मूल तसंच राहतं. तुमच्या आरआरसीमध्ये हा प्रश्न कुणी विचारेल की नाही माहीत नाही, पण वर्गात बसाल तेव्हा तो समोर येणारच. उत्तर आधीच ठरवून जा, निदान कोणापाशी बोलायचं ते तरी.

एकट्या लेखावर विसंबू नका

चिकित्सेचा पुढचा टप्पा म्हणजे लेखाला त्याच्या शेजाऱ्यांमध्ये बसवणं. इथे तीन शेजारी पुरेत.

रिस्ट यांच्या दोन वर्षं आधी, १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांचं 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम' आलं होतं. त्यांनी शिक्षकांना सांगितलं की अमुक मुलं यंदा एकदम चमकतील. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडली होती. वर्षाअखेर त्या मुलांचा बुद्ध्यंक जास्त वाढलेला आढळला, तोही मुख्यतः पहिली-दुसरीत. त्यावर लगेच टीका झाली. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी इतक्या लहान मुलांचे त्या चाचणीवरचे गुणच विश्वासार्ह नाहीत असं दाखवलं.

२००५ साली ज्युसिम आणि हार्बर यांनी तोवरच्या साडेतीन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं: शिक्षकांच्या अपेक्षांचा परिणाम होतो, पण सहसा लहान असतो, आणि वर्षागणिक साचण्याऐवजी विरत जातो. मात्र ज्या गटांवर आधीच शिक्का बसलेला आहे, त्या मुलांवर तो जास्त असू शकतो. म्हणजे रिस्ट यांच्या "तीन वर्षं घट्ट होत गेलेल्या" चित्राशी हे सरळ जुळत नाही, पण ज्या मुलांबद्दल रिस्ट लिहीत होते त्यांच्यासाठी दार उघडं ठेवतं.

तिसरा शेजारी माझा आवडता. १९८४ साली स्टीफन रॉडनबुश यांनी पिग्मॅलियन धाटणीचे १८ प्रयोग एकत्र करून पाहिले. शिक्षक मुलांना जेमतेम ओळखत असतील तर त्यांना दिलेल्या खोट्या माहितीचा परिणाम होतो. दोनेक आठवडे एकत्र काढले की तो जवळपास नाहीसा होतो, कारण शिक्षक तोवर मुलाला स्वतः ओळखायला लागलेले असतात.

आता हे रिस्ट यांच्या शेजारी ठेवून बघा. आठवा दिवस! म्हणजे दोन आठवड्यांच्या आतला. रॉडनबुश यांच्या हिशेबाने बाईंची पहिली समजूत पुढच्या आठवड्यात पुसली जायला हवी होती. मग ती वर्षभर का टिकली?

माझं उत्तर असं. सहवासाने ओळख वाढते हे खरं, पण त्यासाठी मुलाशी व्यवहार व्हावा लागतो. जागा कायमच्या ठरल्या की मागच्या टेबलाशी होणारा व्यवहारच आटतो. प्रश्न नाही, म्हणून उत्तर नाही, म्हणून नवी माहितीही नाही. पहिल्या टेबलावरच्या मुलांना बाई तीन आठवड्यांत ओळखू लागल्या असतील. मागच्यांसाठी ते पहिले दोन आठवडे वर्षभर संपलेच नाहीत. अपेक्षा टिकून राहिली ती जागेमुळे.

हा निष्कर्ष आहे असं मी म्हणत नाही. हे गृहीतक आहे आणि ते तपासता येतं. दर पंधरा दिवसांनी जागा बदलणारे वर्ग आणि न बदलणारे वर्ग घ्या, आणि बाईंना प्रत्येक मुलाबद्दल काय काय माहीत आहे ते विचारा. साहित्याच्या आढाव्यातून "संशोधनातील उणीव" निघते म्हणतात, ती अशी निघते. दोन लेख एकमेकांशी भांडले पाहिजेत. तुमच्या वहीतल्या चाळीस लेखकांना एकमेकांशी बोलूच दिलं नाही तर उणीव कुठून सापडणार?

माझी दैनंदिनी

रिस्ट वाचून झाल्यावर मी घरी जाऊन सरावाची दैनंदिनी आणि सहछात्राध्यापिकेने भरलेले निरीक्षण तक्ते काढले. ३४ नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे सतरंजी.

पुढच्या सतरंजीवर कोण? ज्यांच्या आया फाटकापाशी थांबून "टीचर, आज काय शिकवलं?" विचारायच्या ती मुलं. माझ्यासारखं मराठी बोलणारी मुलं. मागच्या सतरंजीवर बरीचशी घरी अहिराणी बोलणारी. एकीला मी पहिल्या आठवड्यात "आई कुठे गेली?" विचारलं होतं. ती म्हणाली, "मनी माय वावरमा गई." वर्ग हसला. मीही हसले, हे मला लिहावं लागतंय. शनिवारी मी तिला खिडकीखाली बसवलं. मागच्याच सतरंजीवरच्या एका मुलाबद्दल मावशी म्हणाल्या होत्या, "त्याचा मोठा भाऊपण असाच होता." तो कसा होता हे मी त्यांना विचारलंही नाही.

निरीक्षण तक्त्यांमध्ये उत्तर देणाऱ्या मुलांची नावं असतात. पानापानावर पुढच्या सतरंजीची तीच ती नावं. मागच्या सतरंजीतली दोनच नावं सापडली, तीही "शांत बसवले" या शेऱ्यात.

इतकं जुळल्यावर मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. स्वतःच्या वर्गातच रिस्ट सापडले! आणि नेमक्या याच क्षणी सावध व्हायचं असतं. म्हणून वर रिस्ट यांना लावलेले तीन रकाने मी स्वतःलाही लावले.

त्यातली एक नोंद सांगते. तिसऱ्या आठवड्यात मी कावळा-चिमणीच्या घराची गोष्ट सांगितली होती. दैनंदिनीत त्या दिवशी लिहिलंय: "गोष्टीनंतर मागे गडबड. शांत केले." एवढंच. पण मला आठवतं की ती खिडकीखालची मुलगी शेजारच्या दोघांना तीच गोष्ट अहिराणीत सांगत होती, हातवारे करून, आणि मी तिला गप्प केलं.

हे मला खरंच आठवतं का? की मागची मुलं ऐकून शिकतात हे रिस्ट यांच्याकडे वाचल्यावर माझ्या डोक्याने त्या "गडबडी"त एक गोष्ट घालून दिली? दैनंदिनी सांगत नाही. सहछात्राध्यापिकेला फोन केला. तिला तो दिवस आठवत नाही. म्हणून माझ्या प्रबंधात ही घटना येणार नाही. पुरावा म्हणून ती निकामी आहे. मी जो प्रश्न विचारते आहे तो मात्र तिच्यामुळेच विचारते आहे, आणि या दोन गोष्टींतला फरक तुम्ही जितक्या लवकर शिकाल तितकं बरं.

दैनंदिनीत नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे माझी भीती. निरीक्षण तक्त्यात वर्गनियंत्रणाला गुण होते. मागच्या सतरंजीशी बोलण्याला नव्हते. जेकब कौनिन आणि पॉल गम्प यांनी १९५८ साली बालवर्गांवर लिहिलं होतं की एका मुलाला टोकलं की त्याचे तरंग बघणाऱ्या मुलांपर्यंत जातात. काय करायचं हे स्पष्ट सांगितलं तर ती ऐकतात. दरडावलं तर नुसती बिथरतात. पदविकेत मला हे कुणी शिकवलं असतं तर माझा आवाज कदाचित बसला नसता. पण त्या परंपरेचा मुख्य प्रश्न वर्ग सुरळीत कसा चालेल हा आहे. सुरळीत चाललेल्या वर्गात कोण गप्प झालं, हे विचारायला रिस्ट लागतात. दोन्ही वाचा. नुसते रिस्ट वाचून छात्राध्यापिकेला दोष देणं फार सोपं आहे. ३४ मुलं, एकटी मुलगी आणि चार आठवडे, हा हिशेब कुणीतरी वर बसून ठरवलेला असतो. आणि चार आठवड्यांतला अर्धा काळ रॉडनबुश यांच्या त्या दोन आठवड्यांतच जातो.

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला गेला होता, तेही विसरू नका. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडला गेलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीमागची कल्पना. ती सहसा उपस्थितीचा उपाय म्हणून शिकवली जाते. पण मला आता त्यात अजून एक गोष्ट दिसते. अंगणात गेलेल्या बाईला मुलाचं घर, त्याची भाषा, त्याचे खेळ पहिल्याच दिवशी दिसतात. तिच्या हातातली पहिल्या आठवड्याची माहिती अर्जावरची नसते.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातला असा एक लेख निवडा, ज्याचा निष्कर्ष तुम्हाला न वाचता पाठ आहे. तो पूर्ण वाचा. पद्धतीचा भाग दोनदा वाचा, लोक नेमका तोच गाळतात. तीन रकाने भरा. मग त्याच्याशी न पटणारा एक लेख शोधा आणि दोघांना एका पानावर आणा. शेवटी तेच रकाने स्वतःच्या अनुभवाला लावा, आणि तिथे जास्त कडक रहा, कारण स्वतःचा अनुभव आपल्याला फार पटकन पटतो.

मी सध्या क्षेत्रकार्यात आहे, तीन बालवाड्यांमध्ये. शाळा उघडली त्या दिवसापासून रोज वर्गाचा नकाशा काढते, कोण कुठे बसलंय त्याचा. त्याखाली एक ओळ असते: आज ज्याच्याबद्दल मला काहीही लिहिता आलं नाही, ते मूल. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्याच्याजवळ जाऊन बसते. गाईड म्हणाले, याने तुझं निरीक्षण थोडं बिघडेल. बिघडू दे, पद्धतीच्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहीन.

पुढच्या वेळी निरीक्षणाच्या नोंदी कशा ठेवायच्या यावर लिहिते. तोवर तुम्ही निवडलेला लेख आणि तिसरा रकाना कळवा.